अमेरिकेत नव्याने आलेल्यांना क्रेडिट कार्ड मिळवताना येणाऱ्या अडचणी

प्रश्न (एडिसनवासी):
एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर मी यंदाच पुण्याहून न्यू जर्सीत आलो. भारतात गृहकर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही आणि सिबिल गुणही उत्तम आहेत. तरीही ज्या बँकेत माझा पगार जमा होतो, तिनेच ‘पुरेसा पतइतिहास नाही’ असे सांगून क्रेडिट कार्डाचा अर्ज फेटाळला. कार्डाशिवाय पतइतिहास तयार होत नाही आणि पतइतिहासाशिवाय कार्ड मिळत नाही, मग सुरुवात करायची तरी कुठून? पत्नी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असून तिच्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक हा इथला सरकारी ओळख क्रमांकही नाही. व्हिसा पाहून नकार देणे कायद्यात बसते का? इतकी वर्षे काटेकोरपणे कर्ज फेडलेल्या माणसाची पत विमानातून उतरताच शून्य व्हावी, याचे फार वाईट वाटते.

प्रतिसाद १ (जर्सीकर):
तुमची खंत रास्त आहे. सिबिल ही पतनोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी ट्रान्सयुनियन समूहातलीच संस्था असूनही तिच्याकडच्या नोंदी इथल्या पतअहवालात आपोआप येत नाहीत, हे मलाही पटत नाही. फिको गुण, म्हणजे इथले पतगुण, निघण्यासाठी किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते, त्यामुळे तोवर वारंवार अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दोन वर्षे दिसत राहते. अनामत ठेवून मिळणारे सिक्युअर्ड कार्ड घ्या. बहुधा २०० डॉलरपासून अनामत चालते आणि तेवढीच खर्चमर्यादा मिळते. त्यावर फोनच्या बिलासारखा एखादाच लहान खर्च टाकून संपूर्ण बिल मुदतीत भरत राहा. मात्र त्या कार्डाच्या नोंदी पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थांना कळवल्या जातात की नाही, हे आधी विचारून घ्या. याशिवाय अमेरिकन एक्स्प्रेसने २०१९ मध्ये नोव्हा क्रेडिट या कंपनीच्या मदतीने परदेशातील पतइतिहास विचारात घेण्याची सोय सुरू केली. ती सध्या तुम्हाला लागू होते का, हे तपासून पाहा.

प्रतिसाद २ (कायद्याची अभ्यासक):
१९७४ च्या समान पतसंधी कायद्यानुसार मूळ राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करता येत नाही, पण परतफेडीच्या हमीचा विचार करताना अर्जदाराचा वास्तव्याचा दर्जा पाहण्याची मुभा बँकेला आहे. नकाराची कारणे जाणून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. शिवाय निर्णय पतअहवालाच्या आधारे झाला असेल, तर ६० दिवसांच्या आत तो अहवाल देणाऱ्या संस्थेकडून त्याची प्रत विनामूल्य मागता येतो. तो अवश्य मागवा आणि नाव नीट तपासा. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, ते कुठे जोडून लिहिले जाते, कुठे गाळले जाते आणि मग ओळख जुळवताना घोळ होतो. म्हणून सोशल सिक्युरिटी कार्डावर जसे नाव आहे, तसेच ते सर्वत्र लिहावे.

प्रतिसाद ३ (एच-४ वरील एक गृहिणी):
ताईंनी सांगितलेल्या नावाच्या घोळाचा अनुभव मीही घेतला आहे. तुमच्या पत्नीला तुमच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ती म्हणून जोडता येईल. काही बँका त्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक मागत नाहीत. प्राप्तिकराचे संयुक्त विवरणपत्र भरताना तिच्यासाठी आयटिन या करदाता क्रमांकाचा अर्ज करा, कारण काही बँका त्यावरही स्वतंत्र कार्ड देतात. २०१३ मध्ये बदललेल्या नियमानुसार २१ वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराला जोडीदाराच्या ज्या उत्पन्नाचा वापर रास्तपणे करता येतो, ते स्वतःच्या अर्जात दाखवता येते. हे फार थोड्या जणींना ठाऊक असते आणि नोकरी नाही म्हणून त्या अर्जच करत नाहीत. तुमच्या पत्नीला हे आजच सांगा.