गांजा ओढणारं पोर कुणाच्या हाती द्यायचं? दापोलीकडून एक प्रश्न

खाडीकाठ :
मंडळी, दापोली तालुक्यात आमच्या घरामागच्या वाडीत पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. बारा वर्षं झाली. पूर्वी पाहुणा आला की पहिला प्रश्न असायचा, सुरमई ताजी आहे ना? आता पंचविशीतली मुलं बॅगा ठेवल्या की मला बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "काका, माल मिळेल का?" मी नाही म्हणतो. तरी त्यांना तो मिळतो, आणि आमच्याच गावातल्या पोरांकडून मिळतो, हे मला ठाऊक आहे.

दोन मुलांबद्दल लिहायचंय. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. नावं देत नाही.

पहिल्याला दोन वर्षांपूर्वी जेटीवर पकडलं. खिशात १५ ग्रॅमची पुडी होती. मित्रांबरोबर कधीमधी झुरका मारायचा, रोजचं काही नव्हतं. बोटीवर जायची सगळी तयारी झाली होती, पण पोलिसांच्या दाखल्यावर गाडं अडलं. तेव्हापासून तारखा चालू आहेत. साठीतले वडील प्रत्येक तारखेला बरोबर जातात आणि त्या दिवसाची मजुरी बुडवतात.

दुसरा अकरावीपासून रोज ओढायचा. विसाव्या वर्षी त्याला वाटायला लागलं की शेजारचे भिंतीपलीकडून त्याच्यावर कट करतायत. रात्रभर जागा, स्वतःशीच बोलणं, आईच्या हातचं जेवण नको. घरच्यांनी देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. आठ महिने असेच गेले. मग कुणीतरी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला सांगितलं. आज औषधावर बरा आहे, पण कॉलेज सुटलं ते सुटलंच.

माझं म्हणणं असं, की ओढणाऱ्याला गुन्हेगार धरणं थांबवावं. विकणाऱ्याला सोडू नये, आणि गांज्याची दुकानंही उघडू नयेत. पहिल्या पोराचं नुकसान गांज्यापेक्षा खटल्याने जास्त केलं. दुसऱ्याचं गांज्याने केलं, पण त्याच्यासाठी कायद्याने काहीच केलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

परळचा चाकरमानी :
दादा, पहिल्या भागाशी पूर्ण सहमत, पण तुम्ही अर्ध्यात थांबलात. ओढणं गुन्हा नाही आणि विकणं गुन्हा, असं केलंत तर पोरगा माल आणणार कुठून? आज ज्याच्याकडून आणतो त्याच्याचकडून. आणि त्याच्या दुसऱ्या खिशात पांढरी पावडर असते, ती आज ना उद्या पुढे येतेच. गिऱ्हाईक त्या माणसापासून तोडायचं असेल तर सरकारने परवाना देऊन, वय बघून, किती जोराचा माल आहे ते पाकिटावर छापून विकला पाहिजे.

आणि ही काही परदेशातून आलेली चीज नाही. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये यावर आयोग नेमला होता. त्याने देशभर जवळपास १२०० साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी घालू नये. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा (एनडीपीएस) येईपर्यंत कित्येक राज्यांत गांज्याची परवानाधारक दुकानं होती. त्याच कायद्यात आजही नुसत्या पानांची भांग गांज्याच्या व्याख्येत बसत नाही. झाड तेच, पान चालतं आणि फुलोरा ओढला की तुरुंग.

दारूचं बघा. २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत देशात दारू पिणारे १६ कोटी निघाले. भांग, गांजा, चरस मिळून ३ कोटी १० लाख, आणि त्यातले बरेचसे भांगवाले. आमच्या गावात काविळीने, लिव्हरने, रात्री मोटारसायकल आंब्यावर आपटून गेलेली माणसं मी मोजून दाखवतो. सगळी दारूची. तिच्या दुकानाला मात्र परवाना आहे.

निवृत्त परिचारिका :
मनोरुग्ण विभागात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून बोलते. दारू वाईट आहे म्हणून आणखी एक दुकान उघडा, हे मला पटत नाही. दारूने जी घरं बसली ती मीही पाहिलीत. तिच्या शेजारी दुसरी टपरी नको, एवढंच माझं म्हणणं.

१८९४ चा अहवाल आज लावता येत नाही. नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात तो १९९५ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास होता, २०१४ मध्ये १२ टक्क्यांवर गेला. नाव तेच राहिलं, पण तेवढ्याच मालात नशेचा घटक वीसेक वर्षांत तिपटीच्या आसपास गेला. जोराचा माल आणि रोजचं सेवन, ही जोडी मानसिक आजारासाठी सगळ्यात धोक्याची, हे युरोपातल्या अभ्यासांत स्पष्ट दिसलंय. त्यात वय. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. खाडीकाठ दादांनी सांगितलेला दुसरा मुलगा, अकरावीपासून रोज, विसाव्या वर्षी भास आणि संशय, हे मी इतक्यांदा पाहिलंय की वाचतानाच पुढचं कळलं. प्रत्येकाला होतं असं मी म्हणणार नाही. घरात आधी कुणाला असा आजार असेल तर धोका वाढतो, आणि नेमकं तेच आपल्याकडे लपवलेलं असतं. मामा "जरा वेगळे" होते, आत्या "देवाची" होती, एवढंच मुलांना माहीत.

आणखी एक सांगते, कारण हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एक मुलगा सतत उलट्यांनी यायचा. दोनदा दुर्बीण घालून तपासला, काही सापडेना. आई म्हणाली, दिवसातून सहा-सात वेळा कढत पाण्याने आंघोळ करतो, त्यानेच बरं वाटतं म्हणतो. ती खूण होती. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांत हा उलट्यांचा आजार होतो, गरम पाण्याने तेवढ्यापुरता आराम पडतो, आणि गांजा सुटला की तो जातो. सोडतानाही त्रास होतो. झोप उडते, भूक मरते, पोरगं चिडचिडं होतं. घरच्यांना वाटतं माजलाय.

थायलंडने २०२२ मध्ये सगळं मोकळं केलं आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणलं. कॅनडात गांजा घातलेल्या गोळ्या-चॉकलेटं दुकानात आल्यावर लहान मुलं चुकून ती खाऊन इस्पितळात यायचं प्रमाण वाढलं. आणि आपल्याकडे वय तपासणार कोण? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. शाळेसमोरच्या टपरीवर जाऊन बघा.

परळचा चाकरमानी :
सिस्टर, उलट्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. पण गुटख्याचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे ना! बंदी आहे आणि माल टपरीवर आहे, म्हणजे बंदीने काय साधलं? पुडीत काय मिसळलंय हेसुद्धा आता कुणी तपासत नाही.

निवृत्त परिचारिका :
बंदी नीट राबवली जात नाही, हे खरं. पण जे सरकार टपरीवरची पुडी थांबवू शकत नाही ते गांज्याच्या दुकानात टक्केवारी तपासेल आणि सोळा वर्षांच्या पोराला परत पाठवेल, हा भरवसा तुम्ही कशावर ठेवता? माझी भीती तिथे आहे.

वाडीतलो, मालवण :
माझा शिक्षण कमी, पन दर्यात पंचवीस वर्सा काढलंय. ट्रॉलरार आमी सात-आठ जण आसतो. रात्री जाळा ओढताना एकाचो हात दोरात गावलो तर दुसऱ्यान तेच घडयेक विंच बंद करूक व्हयी. नशेतल्या माणसाक ती शुद नसता. दारूचो वास तरी येता. गांजो ओढून इलेलो नुसत्या डोळ्यांर कळता, तोय सगळो नाय. २०२३ च्या ऑगस्टात दापोलीच्या किनाऱ्यार चरसाची पाकिटा वाहून इली, कर्द्याक, लाडघराक, केळशेक. तेवा आमच्या हयसर बायका पोरांका रेतीत सोडूक भियत. दुकाना नको. पन पोराक बेड्याय नको. तेका बोटीर घेव नको, घराक धाड, बापाशीक सांग. मी तसाच करतंय.

काजूवाला :
विषय थोडा बाजूला नेतोय, माफ करा. हिमाचलच्या विधानसभेने २०२४ मध्ये गांज्याच्या झाडाच्या औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. उत्तराखंडात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणाला परवाने मिळतात. १९८५ च्या कायद्यातच राज्याला धागा आणि बियांसाठी लागवडीची मुभा देता येते. यंदा काजूच्या भावाने पाठ मोडली. कातळावर आणखी काय लावायचं, हा प्रश्न माझ्यासारख्या हजारोंना आहे. गंमत म्हणजे आपल्या परसातल्या अंबाडीचं पान हुबेहूब तसंच दिसतं, तिच्या शास्त्रीय नावातही "कॅनाबिनस" आहे, आणि धागा तीही देते. निदान यावर तरी मोकळेपणाने बोला.

खाडीकाठ :
बोलू या, पण वेगळं. धाग्याची शेती आणि पोरांची नशा एकत्र केली की दोन्हींचा विचका होतो, असं मला वाटतं.

कुडाळचा वकील :
खाडीकाठ, तुमच्या पहिल्या मुलाबद्दल काही गोष्टी नेमक्या सांगतो, कारण चर्चेपेक्षा त्याला याचा उपयोग आहे.

गांज्याची "अल्प मात्रा" म्हणजे १ किलोपर्यंत. चरसाची १०० ग्रॅम. १५ ग्रॅम त्या मानाने काहीच नाही. तरी १९८५ च्या कायद्यात माल जवळ बाळगण्याच्या कलम २० खाली अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या सेवनाचं कलम २७ वेगळं आहे, तिथे गांज्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड, किंवा दोन्ही. आरोप कोणत्या कलमाखाली ठेवलाय हे आधी बघा. कलम २७ असेल तर परिविक्षेचा, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा मार्ग मोकळा राहतो. कलम २० खाली अठरा वर्षांवरच्याला तो या कायद्याने बंद केलाय. पंचनाम्यात फुलोरा-शेंडे लिहिलेत की नुसता पाला, तेही वाचा. कायद्यातली गांज्याची व्याख्या फुलोऱ्याची आहे.

सगळ्यात महत्त्वाचं. कोर्टाच्या दारात कुणीतरी सांगतं, "गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो." तो मोकळा होत नाही. कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती दाखल्यात येते. बोटीवर जायचं असेल तर हे वाक्य ऐकण्याआधी स्वतःच्या वकिलाशी शांतपणे बसून बोलायला हवं.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर. कलम ६४अ म्हणते की अल्प मात्रेतला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. म्हणजे दुसऱ्या मुलाला दार होतं. पहिल्याला नाही, कारण तो व्यसनीच नाही! दोनदा ओढणाऱ्यापेक्षा रोज ओढणाऱ्याला कायदा जास्त वाव देतो. हे बदलायला हवं असं माझंही मत आहे. दुकानांच्या बाबतीत मी सिस्टरांच्या बाजूने आहे.

एक आई :
मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा तीन वर्षं ओढत होता, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. डॉक्टरकडे नेलं नाही. नवरा म्हणाला, तिथे खरं सांगावं लागेल, ते पोलिसांना कळवतील, आणि गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून मी त्याच्या खोलीतून पुड्या काढून चुलीत घालत राहिले. दोन वर्षं. सिस्टर, तुम्ही दुकानं नकोत म्हणता ते मला पटतं. पण कायद्याच्या भीतीने त्याचं ओढणं थांबलं नाही. त्या भीतीने माझं पाऊल तेवढं थांबवलं.

निवृत्त परिचारिका :
ताई, दोन वेळा वाचलं तुमचं. कायद्याची भीती असलेली बरी, निदान पोरं बिचकतात, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. ती भीती दवाखान्याच्या दारात आईला अडवते, हे मी आतून कधी पाहिलं नाही, कारण माझ्यासमोर तीच माणसं आली जी दार ओलांडून आली होती. हे मला मान्य करायलाच हवं.

म्हणून इथे सगळ्यांसाठी लिहिते. डॉक्टर पोलिसांना कळवत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनातून येणारा मानसिक त्रासही धरलाय, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीचा देशपातळीवरचा क्रमांक १४४४६ आहे. मनाच्या त्रासासाठी १४४१६. दोन्ही फुकट. मुलाला न नेताही आईला एकटीला जाऊन बोलता येतं. ते आधी करा. कौल लावायचा तर लावा, मी कुणाच्या देवाच्या आड येणार नाही, पण त्याच आठवड्यात डॉक्टरही.

ओढणाऱ्यावर खटला नको, हे आज मी मान्य करते. दुकान नको, ते मात्र कायम.

परळचा चाकरमानी :
दुकानावर आपलं जमणार नाही, सिस्टर. पण खटला नको यावर आपण सगळे आलो, वाडीतले दादासुद्धा. हे मी धरून चाललो नव्हतो.

खाडीकाठ :
वकीलसाहेब, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पुढची तारीख या महिन्याच्या अठराला आहे, आणि कबूल करून दंड भरायचं असंच ठरलंय. वडिलांनी दहा हजार उसने आणून कपाटात ठेवलेत. मी आत्ताच त्यांच्या घरी निघालोय. आरोपपत्राची प्रत त्यांच्याकडे आहे की नाही तेही ठाऊक नाही. कलम २० की २७, ते बघून रात्री इथेच लिहितो.