मदत हवी आहे: द्रव कार्बन डायऑक्साइडच्या नळीने कातळ फुटेना, चूक नळी भरण्यात असेल का?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाडीतील जुनी विहीर खोल करायची आहे. घरे अगदी लागून असल्यामुळे सुरुंग लावायचा नाही असे सर्वांनी ठरवले आणि द्रव कार्बन डायऑक्साइडच्या नळ्या वापरणारा ठेकेदार बोलावला. मिश्र पोलादाच्या जाड नळीत दाबाखाली द्रव भरतात, आत तापक कांडी असते आणि टोकाशी पोलादाची पातळ चकती. विजेने कांडी पेटली की द्रवाचा एकदम वायू होतो, चकती फाटते आणि वायू भोकाच्या भिंतींना रेटून खडक फोडतो. बाहेर ज्वाला येत नाही, म्हणूनच ही पद्धत मुळात मिथेन हा पेट घेणारा वायू असलेल्या कोळशाच्या खाणींसाठी निघाली.

मे महिन्यातल्या एका दिवशी तीन नळ्या लावल्या. सकाळी भरलेल्या पहिल्या नळीने काळ्या पाषाणाला बोट शिरेल एवढा तडा पाडला. दुसरी भर दुपारी, उन्हात तापलेली असतानाच भरली होती. तिची चकती पुरीसारखी फुगली, पण फाटली नाही. तिसरीची चकती फाटली, मात्र वायू शेजारच्या जुन्या फटीतून पांढरा धूर होऊन निघून गेला आणि कातळ जागचा हलला नाही.

तिसरीचे कारण मला समजते, दुसरीचे समजत नाही. पहिल्या नळीत वजनाने 1.4 किलो द्रव मावला होता, दुसरीत जेमतेम 900 ग्रॅम. 31 अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही, तेव्हा तापलेल्या नळीत तो पुरेसा भरलाच गेला नसावा आणि म्हणून चकती फाटण्याइतका दाब झाला नसावा, असा माझा तर्क आहे. ठेकेदार मात्र चकती जाड आली असे म्हणतो आणि पातळ चकती बसवू पाहतो. द्रव कमीच भरला असेल, तर पातळ चकती लवकर फाटेल आणि कातळाला आणखी कमी जोर मिळेल, अशी मला भीती वाटते.

ज्यांनी उन्हाळ्यात हे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: नळी ओल्या गोणपाटात गार करून भरणे पुरेसे होते का? न फाटलेल्या नळीजवळ किती वेळ जाऊ नये आणि तिच्यातला दाब कसा उतरवावा? आम्ही विहिरीच्या तळाशी पंख्याने अर्धा तास हवा सोडून मगच माणूस उतरवतो, कारण हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि खड्ड्यात साचून राहतो. तेवढा वेळ पुरतो का, की आधी मोजणी यंत्र लावणे आवश्यक आहे? तापक कांडीत परक्लोरेट (जळायला ऑक्सिजन पुरवणारे रसायन) असेल, तर नागपूरच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची परवानगी लागते का, हेही जाणकारांनी कळवावे. उत्तर मिळेपर्यंत काम थांबवले आहे.