छतावरच्या तंबूचा भार: नव्या पिकअप ट्रकबाबत शंका

प्रश्न: गेल्या महिन्यात मी पिकअप ट्रक घेतला आणि पाठोपाठ छतावर बसवायचा ६० किलोंचा तंबूही घेतला. गाडीच्या पुस्तिकेत छताची भारक्षमता ७५ किलो दिलेली आहे. मग वर दोन माणसे झोपल्यावर छत तो भार पेलेल का?

पहिले उत्तर: नव्या गाडीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! हा आकडा सहसा धावत्या गाडीसाठीचा असतो, कारण वळणावर, ब्रेक लावताना आणि खड्ड्यांत छतावरचे वजन जोराचे हिसके देते. उभ्या गाडीचे छत त्याहून बरेच अधिक पेलते. मात्र कॅरियरच्या आडव्या पट्ट्यांचे वजनही त्या ७५ किलोंतच धरावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दुसरे उत्तर: माझ्या तंबूचे नट पहिल्याच प्रवासात सैल झाले होते, म्हणून थोडे अंतर गेल्यावर ते पुन्हा आवळावेत. तंबू ओला असताना घडी करू नये. माझ्या तंबूच्या शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके पडले, ते अजून गेलेले नाहीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पट्ट्या काट्यावर ठेवून पाहिल्या. त्या ११ किलो भरल्या, म्हणजे एकूण ७१ किलो. आता प्रवासात तंबूत अंथरूण न ठेवता ते मागच्या हौद्यातच ठेवीन.