मदत हवी आहे: हेइन्सा आणि गायासान, दोन दिवसांत

ऑक्टोबरअखेरीस दक्षिण कोरियातल्या देगू शहरातून बसने गायासान डोंगरावरच्या हेइन्सा या बौद्ध मंदिरात जायचंय. नोव्हेंबरच्या मध्यापासून वणव्याच्या धोक्यामुळे काही डोंगरवाटा बंद होतात, म्हणून आधीच. शनिवारी मंदिरात मुक्काम, रविवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर सांगवांगबोंग शिखर (१४३० मीटर).

त्रिपिटक या बौद्ध ग्रंथसंग्रहाच्या छपाईचे ८१ हजारांहून जास्त लाकडी ठसे तिथे आहेत; त्यांच्या कोठारांच्या खिडक्या मुद्दाम बघायच्यात: पुढच्या भिंतीत खालची मोठी, वरची लहान, मागे नेमकं उलट. त्यामुळेच आत हवा खेळती राहते. किती सुंदर डोकं लावलंय!

ही कोठारं आतून बघायचं बुकिंग कोरियन मोबाइल नंबरशिवाय होतं का? चढताना सॅक कुठे ठेवता येते? मंदिरातलं जेवण कांदा-लसणाशिवायचं, चिंता नाही. पण खालच्या हॉटेलांतल्या किमचीत मासळीचा अर्क असतो. तिथे शाकाहाऱ्यांनी नेमकं काय मागावं?