मदत हवी आहे : अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाशी केलेला करार शून्य (कायद्याच्या नजरेत नसल्यासारखा) ठरला, तर दुकानदाराचा कॅमेरा परत मिळतो का?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. मी बी.ए. एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. करार कायदा शिकतेय आणि एका उदाहरणापाशी अडले आहे. पुढच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा आहे, पण प्रश्न फक्त मार्कांचा नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

मॅडमनी दिलेलं उदाहरण असं : सतरा वर्षांच्या मुलाने लग्नाच्या ऑर्डरी घेता याव्यात म्हणून एका दुकानातून ६०,००० रुपयांचा कॅमेरा उधारीवर घेतला. घेताना 'मला अठरा पूर्ण झाली आहेत' असं दुकानदाराला सांगितलं. पैसे दिले नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने 'तुमचे ६०,००० देईन' असं लिहून, सही करून दिलं. तरीही दिले नाहीत. दुकानदाराने दावा लावला. निकाल काय लागेल?

मला जेवढं जमलं ते सांगते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १० प्रमाणे करार होण्यासाठी पक्ष सक्षम हवेत, संमती मुक्त हवी, प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दिलं जाणारं मोल) आणि उद्देश कायदेशीर हवेत. कलम ११ अज्ञानाला सक्षम मानत नाही. १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वात वरचं अपील न्यायालय) सांगितलं की अज्ञानाचा करार मुळातच शून्य. म्हणजे दुकानदार करारावर दावा जिंकू शकत नाही. इथवर ठीक.

पण कलम ६५ म्हणतं की करार शून्य असल्याचं उघड झालं, तर ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करायचा. मग कॅमेरा परत का नको? त्याच मोहरी बीबी खटल्यात सावकाराला रक्कम परत मिळाली नाही, हे मला पटतच नाही. मुलाला संरक्षण द्यावं हे कळतं. पण दुसऱ्याची वस्तू फुकट ठेवून घेण्याची मुभा कायदा कशी देतो? आणि त्या चिठ्ठीचं काय? गाइडमध्ये यावर दोन ओळी आहेत आणि त्या दोन्ही नुसतं 'शून्य, शून्य' म्हणतात.

तालुका कोर्ट

प्रश्न चांगला आहे आणि तुम्ही योग्य जागी अडला आहात. 'करार नाही' आणि 'देणं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसावर देणं करारातून येतं, तसं ते करार नसतानाही कायद्यातून येऊ शकतं. उत्तर लिहिताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

आधी मोहरी बीबी. या खटल्याच्या वस्तुस्थितीकडे विद्यार्थी बघतच नाहीत, सगळा जीव तिथेच आहे. धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने कलकत्त्यात ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराला २०,००० रुपयांचं गहाणखत करून दिलं. साल १८९५. त्या काळात मुलाच्या आईच्या वकिलाने सावकाराच्या माणसाला आधीच कळवलं होतं की मुलगा अज्ञान आहे. तरी व्यवहार झाला. पुढे गहाणखत रद्द करावं म्हणून मुलाच्याच बाजूने दावा आला. सावकार वारला, त्याच्या जागी मोहरी बीबी आल्या. प्रिव्ही कौन्सिलने कलम ६५ बद्दल म्हटलं की ते कलम करार करायला सक्षम असलेल्या माणसांमधल्या व्यवहाराबद्दल आहे. जिथे अज्ञानामुळे करार कधी झालाच नाही, तिथे ते लागू नाही. आणि न्यायबुद्धीने तरी रक्कम परत करायला लावा, ही विनंती मान्य झाली नाही, कारण देणाऱ्याला वय माहीत असताना पैसे दिले होते. हा दुसरा भाग तुमच्या गाइडने गाळला असणार.

तुमच्या उदाहरणात उलट आहे. दुकानदाराला फसवलं गेलं. अशा वेळी काय, यावर आपल्याकडे न्यायालयांत बराच काळ मतभेद होते. १९२८ साली लाहोर हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने (अनेक न्यायमूर्तींचं मोठं पीठ) खान गुल विरुद्ध लाखा सिंग खटल्यात वय खोटं सांगून जमीन विकायला निघालेल्या अज्ञानाला घेतलेले १७,५०० रुपये परत करायला लावले. १९३७ साली अलाहाबादच्या पूर्ण पीठाने अजुधिया प्रसाद खटल्यात उलटा सूर लावला. इंग्लंडमधली भूमिका त्याहून कडक होती : १९१४ च्या लेस्ली विरुद्ध शील खटल्यात वय खोटं सांगून घेतलेलं ४०० पौंडांचं कर्ज परत मिळालं नाही, कारण तसं केलं तर शून्य करारच मागच्या दाराने अमलात आणल्यासारखं होतं.

आज याचं उत्तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ च्या कलम ३३ मध्ये आहे. त्यातलं पोटकलम (२) नीट वाचा. प्रतिवादीने 'मी कलम ११ प्रमाणे सक्षमच नव्हतो' असं सांगून दावा हाणून पाडला, तरी करारातून त्याने काही लाभ घेतला असेल, तर न्यायालय तो लाभ शक्य तेवढा परत करायला लावू शकतं. मर्यादा एकच : त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा फायदा झाला तेवढाच. म्हणून ६०,००० ची वसुली नाही, पण कॅमेरा त्याच्याकडे असेल तर कॅमेरा परत देण्याचा हुकूम होऊ शकतो. 'होऊ शकतो' हे शब्द उत्तरात ठेवा, ही न्यायालयाच्या विवेकाची बाब आहे.

'वय खोटं सांगितलं, आता अज्ञान असल्याचं म्हणू नकोस' असंही त्याला अडवता येत नाही. अज्ञानाचं संरक्षण कायद्याने दिलेलं आहे, ते त्याच्या तोंडच्या वाक्याने जात नाही. परत करण्याचा हुकूम मागताना मात्र ते खोटं बोलणं दुकानदाराच्या बाजूने पडतं.

धागाकर्ती

मनापासून धन्यवाद सर. कलम ३३ आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग करार कायद्याचं कलम ७० का नाही? त्यात तर करार लागतच नाही : एकाने कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं किंवा वस्तू दिली, फुकट देण्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने लाभ घेतला, की भरपाई. कॅमेऱ्याला हे तंतोतंत बसतं. आणि कलम ६८ प्रमाणे अज्ञानाला गरजेची वस्तू पुरवणाऱ्याला भरपाई मिळते, तर कमाईचं साधन म्हणून कॅमेरा तशी 'गरजेची वस्तू' ठरेल का?

निवृत्त शिक्षिका

कलम ७० चं उत्तर आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी देऊन ठेवलं आहे, म्हणून राहवलं नाही. १९६२ चा पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल खटला. ठेकेदाराने सरकारी खात्यासाठी बांधकाम केलं, सरकारने ते वापरलं, पण १९३५ च्या भारत सरकार कायद्यात सांगितलेल्या रीतीने करार झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने कलम ७० खाली ठेकेदाराला पैसे मिळवून दिले. त्याच निकालात अज्ञानाबद्दल मुद्दा आला. कलम ७० चा पाया असा की समोरच्याने लाभ स्वतःच्या इच्छेने स्वीकारला. हवं तर तो नाकारू शकत होता. अज्ञानाच्या बाबतीत कायदा असा स्वेच्छेचा स्वीकार मानतच नाही. म्हणून कलम ७० अज्ञानाविरुद्ध वापरता येत नाही. हे परीक्षेत लिहिलंत तर तपासणाऱ्याला कळेल की मुलीने कलम पाठ केलेलं नाही, समजून घेतलं आहे.

कलम ६८ बद्दल आधी हे लक्षात ठेवा की तिथेही मुलगा स्वतः देणेकरी होत नाही. भरपाई फक्त त्याच्या मालमत्तेतून. गरजेची वस्तू त्याच्या राहणीमानाला साजेशी हवी. आणि त्याच वेळी त्याला तिची खरंच गरज हवी. केंब्रिजला शिकणाऱ्या एका अज्ञान मुलाला लंडनच्या शिंप्याने ११ नक्षीदार वेस्टकोट शिवून दिले. घर सधन, मुलाला ते शोभणारेही. पण त्याच्याकडे कपडे भरपूर होते, म्हणून १९०८ च्या नॅश विरुद्ध इनमन खटल्यात शिंपी हरला. आता कॅमेऱ्याकडे बघा. धंदा सुरू करण्यासाठी घेतलेल्या मालाला न्यायालयं सहसा गरजेची वस्तू मानत नाहीत. मी 'नाही' लिहीन, आणि का ते दोन वाक्यांत सांगेन.

राहिली चिठ्ठी. शून्य करार सज्ञान झाल्यावर मान्य करून जिवंत करता येत नाही, कारण मान्यता द्यायला मुळात काहीतरी असावं लागतं. सूरज नारायण विरुद्ध सुखू अहीर, अलाहाबाद, १९२८ : अज्ञानपणी घेतलेल्या कर्जासाठी सज्ञान झाल्यावर नवा बाँड लिहून दिला, तो टिकला नाही. जुन्या व्यवहारातलं प्रतिफल नव्या वचनाला पुरलं नाही. मात्र तुमच्या मुलाने अठरानंतर दुकानदाराकडून नवी लेन्स घेतली आणि तिचे पैसे कबूल केले, तर लेन्सचा करार नवा आणि पक्का. उदाहरणात असं काही नाही ना, हे वाचताना बघायचं.

दुकानदार

मी कायद्याचा विद्यार्थी नाही, पण माझं मोबाइल आणि कॅमेऱ्याचं दुकान आहे, म्हणून वाचत बसलो. एक विचारतो. मुलगा वडिलांना घेऊन आला आणि वडील शेजारी उभे होते, तर पैसे वडिलांकडून मागता येतात का? आणि उलटं झालं, मुलाने रोख पैसे भरले आणि माल मीच दिला नाही, तर?

तालुका कोर्ट

नुसते उभे असल्याने वडील बांधले जात नाहीत. मुलगा त्यांच्या वतीने, त्यांच्या सांगण्यावरून घेत होता असं दाखवता आलं, तरच देणं त्यांचं. म्हणून उधारी असेल तर बिल वडिलांच्या नावावर करा आणि सही त्यांची घ्या. मग करारच सज्ञान माणसाशी झाला, आणि वरच्या सगळ्या चर्चेची गरज उरत नाही. वयाचा पुरावा बघून त्याची प्रतही ठेवा. 'पोरगा मोठा दिसत होता' हे कोर्टात चालत नाही.

उलट्या बाबतीत मुलाची बाजू भक्कम आहे. अज्ञान वचन देऊन बांधला जात नाही, पण लाभ घ्यायला त्याला बंदी नाही. १९१६ साली मद्रास हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने राघव चारियार खटल्यात हेच धरलं : अज्ञानाने रक्कम दिली होती, त्याच्या नावाने गहाणखत झालं होतं, ते त्याच्या बाजूने अमलात आलं. त्याच्याकडून द्यायचं काही शिल्लक नसेल, तर तुम्ही त्याच्या वयाकडे बोट दाखवून सुटणार नाही. पैसे घेतलेत, तर माल द्या.

धागाकर्तीसाठी एक राहिलं. उत्तराचा क्रम असा ठेवा : करार झाला का, चिठ्ठीने काही बदललं का, मग ६५, ६८ आणि ७० एकेक करून का लागत नाहीत, आणि शेवटी कलम ३३. मॅडमच्या उदाहरणात कॅमेरा अजून मुलाकडे आहे की विकला, हे दिलेलं नाही. दोन्ही शक्यता लिहा. विकून आलेले पैसे उडवले असतील, तर 'त्याला किती फायदा झाला' याच मोजमापावर दुकानदाराचा दावा अडखळेल, आणि अर्धे मार्क तिथेच असतील.