कंडोम फाटून ४० तास झाले, पेप (संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या) चालेल का?

प्रश्न: दोघं पुरुष, कंडोम फाटला. समोरच्याला एचआयव्ही आहे की नाही, माहीत नाही. आधी चाचणी करायची की गोळ्या?

प्रतिसाद १: आधी गोळी, आणि आत्ताच निघा. मर्यादा ७२ तासांची असली तरी जितका उशीर, तितका परिणाम कमी. रिपोर्टची वाट बघू नका. पहिला डोस आणि रक्त एकाच वेळी. कोर्स २८ दिवसांचा, बहुधा टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर ही औषधं. हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची तपासणी) तपासायला सांगा. 'असले संबंध ठेवताच कशाला' असं कुणी ऐकवलं तर वाद घालू नका, सरळ दुसरीकडे जा. वेळ तुमचा जातोय.

प्रतिसाद २: अँटासिडमुळे घोळ होतो. त्यातलं मॅग्नेशियम-अॅल्युमिनियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरेसं उतरत नाही. गोळी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्या. लोह, कॅल्शियम मात्र जेवणासोबत एकत्र चालतं.

प्रतिसाद ३: हिपॅटायटिस बी निघाला तर २८व्या दिवशी परस्पर थांबू नका. टेनोफोविर अचानक तुटलं की यकृताची सूज उसळू शकते. हिपॅटायटिस बी नसेल आणि पुढेही जोखीम असेल, तर एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आल्यावर खंड न पाडता प्रेप (लागण टाळायला संबंधांच्या आधीपासून घ्यायच्या गोळ्या) सुरू करा.