शुक्रवारच्या बाजारात पोरांकडून वस्तू घ्यावी की घेऊ नये?

बार्देसचो बंड्या (धागाकर्ता)

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात सुकी सुंगटं (कोळंबी) आणायला गेलो होतो. अकराचा सुमार. मिरचीवाल्यांच्या ओळीच्या तोंडाशी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी प्लास्टिकच्या टबात क्लिपा, रबरं आणि हातरुमाल घेऊन उभी. रुमालांचं पाकीट पस्तिसाला. तीन घेतली आणि म्हटलं, शंभरला दे. तिने मागे बसलेल्या आईकडे एकदा पाहिलं, "पाच सोडले" म्हणाली आणि दोनशेच्या नोटेतले शंभर माझ्या हातावर ठेवले. माझा हिशेब अजून चाललाच होता. विचारलं, शाळा? "गावाक आसा." गाव कर्नाटकात, गदगकडचं. पाऊस संपला की सगळं कुटुंब गोव्यात, पाऊस आला की परत.

घरी बायकोने झापलं. ती म्हणते, आईकडेही तेच रुमाल होते ना? मग पोरीकडून का घेतलेस? खरं आहे. आईच्या पुढ्यातही तोच माल होता आणि तिच्याकडे कोणी वळत नव्हतं. गिऱ्हाईक पोरीकडे थांबतं, म्हणून पोरीला पुढे उभं करतात. माझ्यासारखे दयाळू लोकच तिला शाळेच्या वेळेत बाजारात ठेवतात.

तेव्हा माझं मत असं, की मुलाकडून काही घेऊ नये. तीच वस्तू आईबापाकडून घ्यावी, चार रुपये जास्त द्यावेत. पटतं का?

सत्तरीकर

नाही पटत. मी आठवीपर्यंत दर उन्हाळ्यात आजीबरोबर काजूची बोंडं वेचली. पहाटे डोंगरावर, बोंड पिळून बी वेगळी करायची, रसाचे डाग पडलेला सदरा वेगळाच ठेवलेला असायचा कारण ते डाग जन्मात जात नाहीत. त्या पैशांत जूनला वह्या आणि छत्री यायची. आज सरकारी नोकरीत आहे, काही वाईट झालं नाही. शहरातल्या लोकांना पोरगं काम करताना दिसलं की भरून येतं. त्या पोरीला व्यवहार कळतो, तुमच्या मुलाला बसच्या सुट्ट्या पैशांचा हिशेब येतो का ते विचारा.

तिखटमीठ

गोव्यातली कुठलीही चर्चा पाचव्या प्रतिसादापर्यंत काजूवर येते. इथे पहिल्यातच आली. आता उराक (काजूची दारू) कधी ते बघायचं.

वास्कोवाली

सत्तरीकरभाऊ, तुमच्या बोंडांना मे महिन्याची सुट्टी होती. शाळा वाड्यावर होती, तुमच्याच भाषेत होती आणि जूनमध्ये तुम्ही त्याच बाकावर परत बसत होता. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला बदल झाला तेव्हा हीच सवलत ठेवली: घरच्या धंद्यात मदत चालेल, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नाही.

पण बंड्यादादा, "घेऊ नका" हेही इतकं सरळ नाही. १९९२-९३ मध्ये अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदीचं विधेयक आणलं. ते मंजूर झालंच नाही. नुसत्या धास्तीने बांगलादेशच्या कपड्यांच्या कारखान्यांनी सुमारे ५० हजार मुलं काढून टाकली. युनिसेफची माणसं नंतर त्यांना शोधायला गेली, तर कोणी खडी फोडत होतं, कोणी रस्त्यावर विकत होतं, काही मुली वेश्याव्यवसायात. शेवटी १९९५ ला कारखानदारांशी करार झाला: आधी शाळेत जागा आणि महिन्याचा छोटा भत्ता, मगच कामावरून काढायचं. क्रम महत्त्वाचा. तुम्ही रुमाल घेतला नाहीत म्हणून ती शनिवारी शाळेत बसलेली सापडणार नाही.

पेडणेकर दुसरा

सगळे एक गोष्ट टाळताहेत. ही मुलं गोव्याची नाहीत. त्यांचं सरकार बंगळूरला बसतं. आपल्या कराच्या पैशातून किती जणांचं करायचं? गोव्यात गरिबी उरलेलीच नाही. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा आकडा बघा, २०१९-२१ ला गोवा ०.८४ टक्के. आमच्या पुढे फक्त केरळ. बाकीची गरिबी बसने येते आणि बसने जाते.

आकडेमोड

०.८४ बरोबर आहे. फक्त तो काय मोजतो तेही बघा. तो घर मोजतो, मूल मोजत नाही. बारा निकष, प्रत्येकाला भार, आणि कमतरतांची बेरीज एक-तृतीयांशावर गेली तरच घर गरीब. कुपोषणाचा भार एक-षष्ठांश. म्हणजे वीज, गॅस, संडास, बँकेत खातं सगळं आहे आणि पोर तेवढं खुरटलेलं आहे, तर घर पास.

आता त्याच काळातलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. गोव्यात पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी. २०१५-१६ ला हाच आकडा २०.१ होता. वाढलाय तो. रक्तक्षय निम्म्याहून जास्त मुलांना. दर चौथं पोर बसने आलेलं असतं का हो? सत्तरी-सांग्याकडच्या धनगरवाड्यांवर कधी जाऊन या.

आणि सत्तरीकर, "काम केलं तर काय बिघडतं" हा प्रयोग बोलिव्हियाने करून पाहिलाय. २०१४ ला कायदा करून दहाव्या वर्षापासून काही कामांना मुभा दिली, काम करणाऱ्या मुलांच्या संघटनेचीच तशी मागणी होती. २०१८ ला पुन्हा किमान वय चौदा.

सत्तरीकर

धनगरवाड्याचं मान्य. पण बोलिव्हियाचं उदाहरण माझ्या बाजूने लागतं. मुलांनीच मागितलं होतं ना?

आकडेमोड

मुलांनी पोटापुरतं मागितलं होतं, त्यांच्या हातात काम ठेवलं.

निवृत्त बाई

मी सरकारी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, शेवटची अकरा बाजाराच्या गावाजवळ. पेडणेकर, तुम्ही ज्यांना बसने येणारे म्हणता ना, त्यांच्यामुळेच आमची मराठी शाळा उघडी राहिली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या. आज गोंयकारांची पोरं इंग्रजीकडे गेली आणि माझ्या शेवटच्या वर्गात सतरांपैकी चौदा मुलं कर्नाटक, बिहार, झारखंडची. तीही गेली असती तर शाळेला कुलूप आणि मला बदली.

हजेरीपट उघडला की एक गोष्ट लगेच दिसायची. शुक्रवारचा रकाना वरपासून खालपर्यंत "गै, गै, गै". बाकीचे दिवस मुलं यायची. मधल्या सुट्टीतली पाव-भाजी हे त्यामागचं मोठं कारण, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बंड्याने सांगितलेली बाजारातली मुलगी मला लगेच ओळखू आली. माझ्याकडे अशीच एक होती. तोंडी हिशेबात मला हरवायची. फळ्यावर ३५ गुणिले ३ मांडलं की मान खाली. हा तिचा एकटीचा दोष नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारातल्या मुलांवर काम केलं, २०२५ ला ते 'नेचर'मध्ये छापून आलं. बाजारातली पोरं बाजारातला हिशेब करतात, पाटीवरचा येत नाही. शाळेतली पोरं पाटीवरचा करतात, बाजारात अडकतात. म्हणजे सत्तरीकर म्हणतात तो व्यवहार तिला येतो, पण पाचवीच्या पेपरात तो उपयोगी पडत नाही. आणि आम्ही शिक्षकांनी तो कधी विचारलाही नाही.

त्यात भाषा. वास्कोकडे कानडी माध्यमाची सोय तरी आहे. आमच्याकडे नोव्हेंबरात आलेलं पोर मराठी ऐकायला शिकेपर्यंत मार्च उजाडायचा, मेअखेर ते गावी. दोन्हीकडच्या पटावर नाव, दोन्हीकडे शिकणं नाही.

मी एक केलं. शुक्रवारी पहिले दोन तास भाषा आणि गणित घेतलं आणि त्या मुलांना सांगितलं, साडेदहाला जा. चार मुलं यायला लागली. कागदावर ते बसत नव्हतं.

वास्कोवाली

बाई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, हे मला खटकलं. शिक्षिकेनेच बाजाराची वेळ मान्य केली. आज साडेदहा, उद्या आईबाप म्हणतील साडेनऊ. मेक्सिकोने १९९७ मध्ये उलटं केलं: मूल शाळेत हजर राहिलं तर पैसे आईच्या हातात. बाजारात उभं राहण्याचं कारणच कमी झालं. इथे आईला काही द्यायचं म्हटलं तर गृह आधारला (गोवा सरकारची गृहिणींना पैसे देणारी योजना) पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. सहा महिने इथे, सहा तिथे राहणाऱ्या बाईने तो आणायचा कुठून?

निवृत्त बाई

खटकू दे, मलाही खटकत होतं. पण मेक्सिकोचे पैसे माझ्या टेबलाच्या खणात नव्हते, साडेदहाची घंटा होती.

पेडणेकर दुसरा

वास्तव्याची अट काढली तर अर्धा कर्नाटक रांगेत उभा राहील. अट राहिलीच पाहिजे. शाळेचं म्हणाल तर द्या प्रवेश, त्याला कोण नको म्हणतो.

तिखटमीठ

पेडणेकर शाळेपर्यंत आले! तारीख लिहून ठेवा.

बार्देसचो बंड्या

काल पुन्हा बाजारात गेलो. रुमाल आईकडून घेतले (आता घरात एकवीस रुमाल आहेत, बायको हसते). तिच्याशी बोललो. मुलगी गावी तिसरीत होती, आता कितवीत ते आईला माहीत नाही. इथे एका शाळेत विचारलं होतं, म्हणे दाखला आणि जन्माचा कागद आणा. दोन्ही गावी. बाई, काही होईल का?

निवृत्त बाई

शिक्षण हक्क कायदा, कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४: वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, मागे राहिलेलं शिकवून घ्यायची जबाबदारी शाळेची. गावचा दाखला मागाहून आला तरी चालतो, तो येईपर्यंत मुलीला बाहेर ठेवता येत नाही. हे कागदावर लिहून घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका. मुख्याध्यापक अडले तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. आईला बरोबर घ्या, तिचा अंगठा लागेल.

सोमवारी जा. शुक्रवारी ती येणार नाही.